पकड झाल्यावरचे पाच सेकंद : बक्षिसी कबड्डीत खेळाडू आणि पब्लिकची जुंपू नये म्हणून

चढाईपटू पकडला जातो, शिट्टी वाजते, पकड करणारा कोपरारक्षक उठतो आणि मांडी थोपटतो. इथवर सगळं खेळात बसतं. पुढच्या चार-पाच सेकंदांत तो कुणाकडे तोंड करून उभा राहतो, यावर त्या रात्रीचा सामना पुरा होणार की अर्ध्यात मोडणार हे ठरतं. आपल्या संघाकडे वळला तर टाळ्या पडतात. पाहुण्या गावच्या पोरांकडे वळून ओठावर बोट ठेवलं, तर कुंपणापलीकडून पहिलं ढेकूळ यायला वेळ लागत नाही.

आखाजी (अक्षय्य तृतीया), यात्रा, जयंती अशा निमित्तानं जळगाव-धुळे-नंदुरबारकडे जे रोख बक्षिसांचे सामने होतात, त्यांत भांडण झालं की 'पोरांचं रक्त गरम' म्हणून विषय संपवला जातो. रक्त सगळीकडेच गरम असतं. भांडण होतं ते बहुतेक तीन गोष्टींमुळे : कुंपण फार जवळ, माइकवरचा माणूस सुटलेला, आणि पहिला हावभाव पंचांनी पाहून न पाहिल्यासारखा केलेला. तिन्ही गोष्टी मंडळाच्या हातात आहेत आणि तिन्हींची तयारी सामन्याच्या आधी करायची असते.

मैदान आखताना

पुरुषांचं मैदान १३ बाय १० मीटर, महिलांचं १२ बाय ८. बाद खेळाडूंची बैठक अंतिम रेषेच्या २ मीटर मागे. एवढं आखून झालं की मंडळं बाजूच्या रेषेपासून दोन पावलांवर दोर ताणतात, कारण 'पब्लिकला जवळून दिसलं पाहिजे'. मग राखीव क्षेत्रातून, म्हणजे मैदानाच्या कडेच्या पट्टीतून, झेपावलेला चढाईपटू सरळ पहिल्या रांगेच्या मांडीवर जाऊन पडतो. उठताना कुणाचा तरी हात लागतो. तो मुद्दाम लागला की चुकून, हे कुणालाच सांगता येत नाही, आणि प्रत्येक जण आपल्या गावाच्या बाजूनं साक्ष देतो.

बाजूच्या रेषेपासून किमान ४ मीटर सोडून कुंपण करा. बैठकीच्या मागे, म्हणजे दोन्ही टोकांना, जमलं तर अंतिम रेषेपासून ६ मीटर सोडा. सगळ्यात जास्त शेरेबाजी तिथंच होते. बाद झालेला खेळाडू चिडलेला असतो, त्याला बसून राहायचं असतं, हाताला काम नसतं आणि पाठीमागून आवाज येत असतात.

नुसता दोर पुरत नाही. पुढचे दोर पोटाशी घेतात, मागचे रेटतात, अर्ध्या तासात ४ मीटरचे २ होतात. बल्ल्या दीड-दोन मीटरवर, दीड फूट खोल गाडा. आडवे बांबू दोन, एक गुडघ्याच्या वर आणि एक कमरेशी. मानेच्या उंचीला काहीच बांधू नका, रेटारेटीत ते गळ्याशी येतं. काटेरी तार शेताच्या बांधावर शोभते, माणसांसमोर नको. कुंपणाच्या आत दीड मीटरवर फक्कीची रेघ मारा. रेघ आणि कुंपण यांच्यातल्या गल्लीत फक्त कार्यकर्ते फिरतील. खेळाडूनं रेघ ओलांडली तर ती पंचांना दिसते, प्रेक्षक बांबूवरून आत आला तर कार्यकर्त्याला दिसतो.

आता पब्लिक कुठं बसवायचं? यजमान गावाचे लोक एका टोकाला आणि पाहुणे दुसऱ्या टोकाला, आपापल्या संघाच्या पाठीशी, ही सगळ्यांना सुचणारी मांडणी पहिल्या डावापुरतीच चालते. मध्यंतरानंतर संघ अंगण बदलतात. मग पाहुण्या संघाची बैठक बरोबर यजमान टोळक्याच्या पुढ्यात येते, तेही सामना रंगात आलेला असताना. दुसऱ्या डावातली निम्मी भांडणं या एका गोष्टीची असतात. म्हणून समर्थकांना लांब बाजूंना बसवा, एका बाजूला एक गाव, दुसऱ्या बाजूला दुसरं. दोन्ही टोकांना बायका, म्हातारी मंडळी, शाळेच्या कबड्डी संघातली मुलं-मुली आणि निमंत्रित. यांच्यापुढे खेळाडूला माज दाखवायला सुचत नाही आणि मागून शिवीही येत नाही.

पुढच्या रांगा ताडपत्रीवर बसवा, मग खुर्च्या, मग उभे राहणारे. बसलेल्यांना चौरस मीटरला दोन माणसं धरा. उभ्यांची जागा चौरस मीटरला चारच्या वर गेली की माणूस स्वतःच्या मर्जीनं हलू शकत नाही, तिथं नवीन माणूस सोडू नका. ट्रॅक्टरची सुटी ट्रॉली बसायला ठेवू नका. लोक मागच्या टोकाला गेले की ती उलटते.

बाहेर पडायच्या वाटा मोजून ठेवा. काळोखात, लेकरं कडेवर घेऊन माणसं निघतात तेव्हा एक मीटर रुंदीच्या वाटेतून मिनिटाला साठेक जण धरावेत. दोन हजारांचा जमाव असेल तर दोन-दोन मीटरची दोन दारं ८-९ मिनिटांत रिकामी करतात. एकच दार ठेवलं तर सतरा मिनिटं, आणि तेवढ्या वेळात दोन्ही गावं एकाच तोंडाशी येतात. बंगळुरूच्या चिन्नास्वामी स्टेडियमबाहेर ४ जून २०२५ ला विजयोत्सवाच्या चेंगराचेंगरीत ११ जण गेले, ते दारांपाशीच. आपल्याकडे गर्दी कमी असते, पण दारही बहुधा एकच असतं.

दुपारी एकदा मैदानाभोवती चक्कर मारून दगड, विटांचे तुकडे, फुटक्या बाटल्या गोळा करा. शेजारी नांगरट झालेलं रान असेल तर त्या बाजूला दोन कार्यकर्ते जास्त. काळ्या मातीचं वाळलेलं ढेकूळ दगडाइतकंच लागतं आणि पुरवठा संपत नाही. पाणी जारमधून, ग्लासानं द्या. पाण्याचे पाऊच आणि बाटल्या आत विकू देऊ नका. मे महिन्यात पाणी कमी पडू देणं मात्र दुसऱ्या बाजूनं अंगाशी येतं. तहानलेलं पब्लिक चिडकं असतं. शेंगा, फुटाणे खुशाल विका, शेंगेच्या टरफलानं अजून कुणाचं डोकं फुटलेलं नाही.

वेळेचं गणित

आठ संघ, बाद पद्धत, म्हणजे सात सामने. पंधरा-पंधरा मिनिटांचे डाव घेतले तरी मध्यंतर आणि अदलाबदल धरून एका सामन्याला पाऊण तास लागतो. सातांना सव्वापाच तास. ध्वनी नियमांप्रमाणे लाउडस्पीकर रात्री १० ला बंद करायचा. सवलतीचे दिवस मोजके असतात आणि ते आधी जाहीर होतात. म्हणजे एका दिवसात उरकायचं तर पावणेपाचला सुरुवात हवी. भुसावळ-यावलच्या मे महिन्यातल्या उन्हात ते कुणी करणार नाही. मग सुरुवात सातला होते, अंतिम सामना बारा वाजता रंगतो, आणि तोवर मागच्या रांगेतल्या निम्म्यांची 'सोय' झालेली असते.

दोन संध्याकाळी घ्या. पहिल्या दिवशी साडेसहा ते साडेनऊ चार उपउपांत्य सामने, दुसऱ्या दिवशी सातपासून उरलेले तीन. सव्वानऊला अंतिम निकाल लागतो. मांडवाचा खर्च थोडा वाढतो, पण एवढ्या एका बदलानं जितकी शांतता मिळते तितकी चार पोलीस वाढवूनही मिळत नाही.

माइक कुणाच्या हातात

गावचा समालोचक हा सामन्यातला पंधरावा खेळाडू. तो हसवतो, अहिराणीत टोले देतो, लोक त्याच्यासाठीही येतात. पण खेळाडूच्या हावभावाला दोन हजार लोकांपर्यंत पोचवणाराही तोच. कोपऱ्यातल्या पोरानं ओठावर बोट ठेवलं ते पन्नास जणांनी पाहिलेलं असतं. 'बघा, पाव्हण्यांना कसं गप्प केलं!' असं माइकवरून आलं की ते सगळ्या गावानं ऐकलं.

त्याला आधीच चार गोष्टी सांगून ठेवा. गावाचं नाव गुणफलक सांगतानाच घ्यायचं. एरवी खेळाडूचं नाव किंवा बनियनचा नंबर. हावभावाचं वर्णन करायचं नाही, पंचांच्या निर्णयावर मत द्यायचं नाही. बाद झालेल्याची टिंगल बंद. जातीवरून, दिसण्यावरून, बापाच्या धंद्यावरून एक शब्द आला तर माइक काढून घ्यायचा. समालोचकाची खुर्ची गुणलेखकाच्या टेबलाला लागून ठेवा, म्हणजे स्पर्धाप्रमुखाचा हात स्विचपर्यंत पोचतो. समालोचक दूर स्टेजवर पाहुण्यांशेजारी बसवला की त्याला आवरायला माणूस पळत जाईपर्यंत जे व्हायचं ते होऊन जातं.

कुंपणाजवळ लोक उठून उभे राहिले तर ओरडून दम देऊ नये. खेळ थांबलेला असताना, आवाज एक पट्टी खाली आणून, 'भाऊ, खाले बठा, मांगे आबासले दिसत नही' एवढं पुरतं. म्हाताऱ्यांचा दाखला दिला की माणूस लाजेनं बसतो. 'ए लाल शर्ट, बस खाली' म्हटलं की लाल शर्ट उभाच राहतो, कारण आता त्याच्या चार मित्रांनी ऐकलेलं असतं.

डीजे फक्त दोन सामन्यांच्या मध्ये. पब्लिकमध्ये भोंगे, मेगाफोन नकोत. १९९७ मध्ये टोरांटोत भारत-पाकिस्तान सामन्यात एक जण मेगाफोनवरून इंजमाम-उल-हकला 'आलू, आलू' म्हणून छळत होता. इंजमाम बॅट घेऊन प्रेक्षकांत घुसला आणि दोन सामने बाहेर बसला. हातात मेगाफोन नसता तर ती हाक चार खुर्च्यांपलीकडे गेली नसती.

रोख इनामाची फेरी

'पुढच्या पकडीला पाचशे रुपये!' असं एखादे बापू उठून जाहीर करतात. खेळाडू पकड करतो आणि पैसे घ्यायला थेट कुंपणाशी धावतो. जाताना वाटेत समोरच्या गावाचं टोळकं असतं, हातात पाचशेची नोट असते, आणि ती हवेत फडकवण्याचा मोह कुणालाच आवरत नाही. कुस्तीच्या फडात जिंकलेला पैलवान फेरी मारून इनाम घेतो ती रीत जुनी आहे. तिथं जोड सुटलेली असते, राग निवलेला असतो. कबड्डीत लगेच पुढची चढाई असते.

उपाय सोपा आहे. इनामाची चिठ्ठी आणि रक्कम टेबलावर जमा. नाव माइकवरून घ्यावं, बापूंना मान मिळतो. पैसे मध्यंतरात किंवा सामना संपल्यावर टेबलाशीच द्यावेत. चालू खेळात पैशासाठी रेघ ओलांडली तर इनाम रद्द, हे पहिल्याच दिवशी जाहीर करा. आणि 'अमक्याला बाद करणाऱ्याला हजार' असलं नाव घेऊन लावलेलं इनाम स्वीकारूच नका. ते बक्षीस नसतं, सुपारी असते.

पंच आणि कार्ड

जिल्हा संघटनेचे पंच बोलवा, दोन्ही गावांपैकी कुठलेच नकोत. सामन्याआधी दहा मिनिटं सरपंच, दोन्ही कर्णधार आणि दोन्ही व्यवस्थापक एकत्र उभे करा. (सरपंच म्हणजे मैदानातले. गावचे सरपंच या बैठकीत असले तर ती लांबते.) काय चालेल आणि काय नाही हे तिथं हावभाव करून दाखवायचं. 'शिस्तीत खेळा' याला काही अर्थ नसतो.

चालतं ते असं : आपल्या अंगणात मांडी थोपटणं, आरोळी, सोबत्याला मिठी, आपल्या बैठकीकडे हात उंचावणं. २०१४ ला प्रो कबड्डी सुरू झाल्यापासून पोरं टीव्हीवरच्या लकबी उचलतात, त्या सगळ्या बंद करायला गेलात तर खेळाची मजाच जाईल.

चालत नाही ते असं : पडलेल्या खेळाडूच्या अंगावर वाकून थोपटणं, बाद झालेल्याला 'जा' म्हणून हात हलवणं, प्रेक्षकांकडे पाहून ओठावर बोट, कानामागे हात, कॉलर उडवणं, मिशीला पीळ, 'आठे ये ना' (इकडे ये ना) अशी खूण. अश्लील खुणेबद्दल तर बोलायलाच नको. विराट कोहलीनं २०१२ ला सिडनीत प्रेक्षकांना मधलं बोट दाखवलं, त्याचं निम्मं मानधन कापलं गेलं. शिव्या त्याला आधी पडल्या होत्या, तरी दंड चुकला नाही. खेळाडूंना हा दाखला जरूर द्या.

हिरवं कार्ड ताकिदीचं, पिवळं दोन मिनिटं बाहेर, लाल म्हणजे सामन्याबाहेर. त्याच खेळाडूला दुसऱ्यांदा हिरवं दाखवायची वेळ आली की ते पिवळंच. पंच चुकतात ते इथं : पहिला हावभाव 'जाऊ द्या, जोशात होतं' म्हणून सोडतात, दुसऱ्याला समोरून उत्तर येतं, आणि तिसऱ्याला थेट पिवळं काढतात. मग ज्याला मिळालं त्याच्या गावाला वाटतं, 'त्यानं केलं तेव्हा काही नाही, आमच्याच पोराला का?' त्यांचं म्हणणं खोटं नसतं. म्हणून हिरवं कार्ड पहिल्या पाच मिनिटांत, पहिल्याच हावभावाला, आणि शक्यतो यजमान संघाच्या खेळाडूनं केलं असेल तर हटकून. यजमानाला पहिलं कार्ड मिळालं की पाहुण्यांचा निम्मा संशय फिटतो.

कार्ड दाखवल्यावर कारण टेबलाला सांगा, टेबलानं माइकवरून एका वाक्यात सांगावं : 'नंबर ७, प्रेक्षकांकडे हावभाव, हिरवं कार्ड.' कारण कळलं नाही की लोक स्वतः बनवतात.

प्रवेशिकेतच तीन ओळी छापा : कार्डांचा अर्थ, सामना थांबवावा लागला तर निकाल कसा ठरेल, आणि अनामत. प्रवेश फीसोबत हजार-दोन हजार अनामत घ्या. खेळाडू कुंपण ओलांडून पब्लिकमध्ये गेला तर जप्त, नाहीतर शेवटच्या दिवशी परत. मानधनावर आणलेल्या खेळाडूंबाबत ही अट संघाच्या व्यवस्थापकाच्या सहीनं घ्या. बाहेरचा खेळाडू उद्या दुसऱ्या तालुक्यात असतो, गावकी त्याला बांधत नाही. मानधनातून कपात झाली तरच त्याला समजतं.

खेळाडूनं स्वतः काय करावं

शिवी ऐकू आली तर त्या दिशेला पाहू नये. पाहिलं की समोरच्याला कळतं, लागलं. मग तो रात्रभर तेच म्हणतो. बाद झालेल्यानं सोबत्यांच्या मध्ये बसावं, टोकाला नाही. पाण्याची बाटली आणि टॉवेल हातात असला तर हात गुंततात. चढाई करून परतल्यावर मध्यरेषा ओलांडून लगेच आपल्या निदान रेषेपर्यंत (मध्यरेषेनंतरची आपल्या अंगणातली पहिली रेषा) मागे जायचं अशी सवय लावली, तर तोंड आपोआप आपल्या संघाकडे होतं. हे सरावात घोटून घ्यावं. सामन्यात नव्यानं आठवत नाही.

काही फेकलं गेलं किंवा जातीवाचक, आई-बहिणीवरून काही आलं, तर खेळाडूनं कर्णधाराला सांगायचं, कर्णधारानं सरपंचांना, सरपंचांनी टेबलाला. जानेवारी २०२१ ला सिडनी कसोटीत मोहम्मद सिराजनं हेच केलं. त्यानं कर्णधार अजिंक्य रहाणेला सांगितलं, पंचांनी खेळ दहाएक मिनिटं थांबवला, पोलिसांनी सहा प्रेक्षकांना बाहेर काढलं आणि भारतानं पुढे तो सामना वाचवला. उलट बाजूला २००४ चा रॉन आर्टेस्ट आहे. अमेरिकेतला बास्केटबॉलपटू. अंगावर पेयाचा पेला पडला तसा तो प्रेक्षकांत घुसला आणि चुकीच्याच माणसावर तुटून पडला. उरलेला सगळा हंगाम निलंबित. गर्दीतून फेकणारा माणूस खेळाडूला जवळजवळ कधीच नेमका दिसत नाही. गल्लीतल्या कार्यकर्त्याला दिसू शकतो. म्हणून ते काम त्याचं.

एका खेळाडूकडे कर्णधारानं वेगळं लक्ष ठेवावं : याच गावचा, पण या वर्षी दुसऱ्या गावाकडून खेळणारा. त्याला शिव्या सगळ्यात जास्त पडतात, कारण देणारे त्याचे शाळासोबती असतात. आणि एक चांगली चढाई झाली की सगळ्यात मोठा हिशेबही तोच चुकता करायला जातो. फुटबॉलपटू इमॅन्युएल अदेबायोर २००९ ला मँचेस्टर सिटीकडून आपल्या जुन्या आर्सेनल क्लबविरुद्ध गोल करून अख्खं मैदान पळत त्यांच्या पाठीराख्यांसमोर गेला, वरून वस्तूंचा मारा झाला. अशा पोराला शक्यतो स्वतःच्या गावच्या लोकांच्या बाजूच्या कोपऱ्यात उभं करू नका. डाव्या-उजव्या कोपऱ्याची अदलाबदल करता येत असेल तर करा, नाहीतर मध्यरक्षक म्हणून घ्या.

कार्यकर्ते

शंभर प्रेक्षकांमागे एक धरा. दोन हजारांना वीस, वर चार राखीव. दोन्ही गावांच्या पैलवानांना उभं करण्यापेक्षा चाळिशीपुढची, ओळख असलेली माणसं बरी : शिक्षक, दूध डेअरीचा सचिव, पतसंस्थेतले अण्णा. ज्याला अर्धं गाव नावानं ओळखतं त्याच्यासमोर शिवी तोंडातच राहते.

पाठ खेळाकडे, तोंड पब्लिककडे. हे सांगितलं जातं, पाळलं जात नाही. पाच मिनिटांत सगळे कार्यकर्ते कुंपणाला पाठ लावून सामना पाहत असतात. म्हणून प्रत्येक डावानंतर निम्म्यांची पाळी बदला. ज्यांची पाळी नाही त्यांना आरामात सामना पाहू द्या. चाळीस मिनिटं सलग खेळाकडे पाठ करून कुणी उभं राहत नाही, आणि राहावं अशी अपेक्षाही चुकीची आहे.

एखादा जण सारखा शेरे मारतोय तर आधी शेजारी जाऊन बसा. दुसऱ्यांदा त्याच्या सोबत्याला सांगा, त्याला नाही. तिसऱ्यांदा दोघांनी मिळून बाहेर न्या, दंडाला धरून, कॉलरला नाही. दारू पिऊन आलेल्याला दारातच थांबवणं सोपं, आत आल्यावर काढणं अवघड.

टिंगल आणि गुन्हा यातली रेघ कार्यकर्त्यांना माहीत हवी. 'पाय लटपटले रे तुझे' ही टिंगल, ती चालायचीच. जातीवरून सार्वजनिक ठिकाणी अपमान केला तर १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू होऊ शकतो. भांडण व्हावं म्हणून मुद्दाम केलेल्या अपमानाला भारतीय न्याय संहितेचं कलम ३५२ आहे, महिला खेळाडूंवरच्या अश्लील शेऱ्यांना कलम ७९. इथं समजावत बसू नका, पोलिसांकडे द्या. महिला सामन्यांना पहिल्या दोन रांगा चारही बाजूंनी बायका-मुलींच्या ठेवा, निम्मा प्रश्न तिथंच सुटतो.

पेटलंच तर

फुटबॉलमध्ये वंशद्वेषी शेरेबाजीसाठी फिफानं तीन पायऱ्या ठरवल्या आहेत : खेळ थांबवणं, संघ आत नेणं, सामना रद्द करणं. गावच्या मैदानावर त्याच पायऱ्या चालतात, फक्त कोण काय करणार हे आधी ठरलेलं हवं.

पहिलं काही फेकलं गेलं की लांब शिट्टी, घड्याळ बंद, दोन्ही संघ मध्यरेषेशी. मिनिटभर थांबा, माइकवर एकच सूचना. पुन्हा फेकलं की दोन्ही संघ टेबलाच्या मागे, मधे कार्यकर्त्यांची साखळी, दहा मिनिटं खेळ बंद. सगळे दिवे चालूच ठेवा. या दहा मिनिटांत दोन्ही गावांची दोन-दोन वडील माणसं कुंपणाच्या आत बोलवा आणि आपापल्या लोकांसमोर उभी करा. तिसऱ्यांदा झालं की सामना संपला. निकाल प्रवेशिकेत छापल्याप्रमाणे, तिथल्या तिथे चर्चा नाही. ११२ ला फोन दुसऱ्या पायरीलाच करा, तिसरीची वाट पाहू नका. कुणाला लागलं असेल तर १०८.

नेमकं याच वेळी दोन गोष्टी बिघडतात. वीज जाते किंवा कुणीतरी घाबरून जनरेटर बंद करतो. काळोखात कोण कुणाला मारतंय हे कळत नाही. म्हणून जनरेटरजवळ एक माणूस शेवटपर्यंत, डिझेल भरलेलं. आणि स्टेजवरचे पाहुणे माइक मागतात. देऊ नका. पाहुण्यांनी दोन्ही गावांना सारखंच ओरडायचं ठरवलं तरी एका गावाला ते जास्त लागतं.

क्रिकेट आणि कुस्तीपुरतं

टेनिसबॉल क्रिकेटमध्ये धोका सीमारेषेवर. तिथला क्षेत्ररक्षक तासभर एकाच टोळक्याच्या तोंडाशी उभा असतो. सीमारेषेचा दोर कुंपणाच्या ३ मीटर आत घ्या आणि शेरेबाजी सुरू झाली की कर्णधारानं दोन षटकांनी माणूस बदलावा. गैरवर्तनाला एमसीसीच्या (क्रिकेटचे नियम ठरवणारा क्लब) २०१७ च्या नियमावलीत नियम ४२ आहे : ५ दंडाच्या धावा, त्याहून गंभीर असेल तर काही षटकं किंवा उरलेला पूर्ण सामना मैदानाबाहेर. हा नियम गावच्या स्पर्धेत सहसा कुणी वापरत नाही. वापरा, ५ धावांची भीती पैशाच्या दंडाहून जास्त असते.

कुस्तीत वाद शड्डूचा कमी, पाठ टेकली की नाही याचा जास्त. आखाड्यात पंचांखेरीज वस्ताद आणि हलगीवालाच हवा. निकाल देताच दोन्ही पैलवानांचे हात धरून पंचांनी त्यांना वेगवेगळ्या बाजूंनी बाहेर न्यावं. हलगी निकालाआधी थांबवू नये, थांबली की गर्दी आत येते.

शेवटची शिट्टी वाजल्यावर

खेळाडूंचा हात मिळवून घ्या, लगेच, मैदानातच, घामात. दहा मिनिटांनी मिळवायला सांगितलं तर कुणी येत नाही. बक्षीस आधी हरलेल्या संघाला द्या आणि त्यांची रक्कम पाकिटात मोजून तयार ठेवा. हरून वर पैशासाठी थांबावं लागलेला संघ हा जमावातला सगळ्यात वाईट मूड असतो. त्यांच्या गाड्या सुरुवातीलाच रस्त्याकडे तोंड करून, दुसऱ्या दाराजवळ लावून घ्या. ते निघाल्यावर वीस मिनिटांनी गुलाल आणि मिरवणूक, आणि मिरवणुकीचा रस्ता पाहुण्यांच्या वाटेवरून नको. मैदान रिकामं होईपर्यंत एकही दिवा विझवू नका.

रात्री व्हॉट्सअॅप ग्रुपवर हावभावाची क्लिप फिरायला लागते. मंडळाच्या ग्रुपवर ती टाकू नका, कुणी टाकली तर ॲडमिननं काढावी. मंडळाचा एक मोबाइल मात्र सामनाभर स्टँडवर, पब्लिककडे तोंड करून सुरू असू द्या. तक्रार झालीच तर तेच उपयोगी पडतं. सकाळी कार्डांची वही पुरी करा : नंबर, संघ, कितव्या मिनिटाला, कुठला हावभाव, कुठल्या बाजूला. पुढच्या गावाच्या मंडळानं विचारलं तर ही वही द्या. अनामत किती घ्यायची हे त्यांना त्यावरून ठरवता येतं.